वास्तूला वारसा, गळ्याला काय?

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार हे गाव नावाप्रमाणेच बाजाराचे आहे. आसपासच्या खेड्यांतला माल येथे येतो आणि मोजून पुढे जातो. पिकवणारा एक, भाव ठरवणारा दुसरा आणि प्रक्रिया करून नफ्याचा मोठा वाटा उचलणारा तिसरा, ही साखळी या भागातील कार्यकर्त्याला समजावून सांगावी लागत नाही. परंतु त्याच बाजारात दिवसभर कानांवर पडणाऱ्या गाण्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. भीमगीत असो, भारूड असो, की जात्यावरच्या ओवीला ठेका लावून केलेले नवे गाणे असो, त्यामागेही श्रम आहेत, कच्चा माल आहे, प्रक्रिया आहे आणि नफाही आहे. हा नफा कोणाकडे जातो, हा प्रश्न हळदीच्या भावाइतकाच अर्थशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर शोधताना जवळा बाजारपासून हजारो मैलांवर लंडनमध्ये उभ्या असलेल्या एका इमारतीचा इतिहास फार उपयोगी पडतो.

त्या इमारतीचे नाव ॲबे रोड. १८३१ साली बांधलेले हे एक निवासी घर ग्रामोफोन कंपनीने १९२९ साली विकत घेतले, मागच्या बागेच्या जागेत ध्वनिमुद्रणाची दालने उभी केली आणि १२ नोव्हेंबर १९३१ रोजी संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते वाद्यवृंदाचे संचालन करवून तेथील कामकाजाचा आरंभ केला. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ई. एम. आय. ही बलाढ्य कंपनी जन्माला आली होती. जागतिक मंदी ऐन भरात असताना मक्तेदार भांडवल स्पर्धा संपवून एकवटत होते आणि त्याच वेळी भविष्यकाळाच्या यंत्रांत पैसा गुंतवत होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टिरिओ ध्वनीची मूलभूत कल्पना १९३१ सालीच मांडली आणि १९३४ साली याच वास्तूत तिचे प्रयोग झाले. पुढे १९६२ साली बीटल्स नावाचे चार तरुण येथे आले आणि १९६९ साली त्यांनी आपल्या एका ध्वनिमुद्रिकेला या रस्त्याचेच नाव दिले. तोवर ही वास्तू 'ई. एम. आय. स्टुडिओ' म्हणूनच ओळखली जात होती. ध्वनिमुद्रिकेच्या कीर्तीनंतर, १९७० साली कंपनीने स्टुडिओचेच नाव बदलून 'ॲबे रोड' केले. कलावंतांच्या श्रमाने मिळालेली कीर्ती मालकाच्या पाटीवर कशी चढते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या वास्तूच्या भिंतींआड कामगारांचे दोन वर्ग होते आणि त्यांतील फरक नीट पाहण्याजोगा आहे. १० फेब्रुवारी १९६७ रोजी बीटल्सच्या एका गाण्यासाठी चाळीस वादकांचा वृंद तेथे बोलावण्यात आला. त्यांच्या मेहनतान्याचा एकूण खर्च ३६७ पौंड १० शिलिंग झाला, अशी नोंद आहे. म्हणजे माणशी सुमारे नऊ पौंड. रक्कम डोळे दिपवणारी नव्हे, परंतु ती ठरावीक होती. किती तासांना किती दाम, हे ब्रिटनमधील वादकांच्या कामगार संघटनेने मालकांशी वाटाघाटी करून ठरवलेले होते. दुसरा वर्ग होता तो लंडनमधील हिंदी वादकांचा. त्यांना या दालनांपर्यंत नेणारा दुवा होता 'एशियन म्युझिक सर्कल' ही संस्था. कर्नाटकातून लंडनला गेलेले अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी ती चालवली होती. १९६६ साली बीटल्सच्या एका गाण्यात तबला वाजवणारे अनिल भागवत यांचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापले गेले. भागवत हे आडनाव मराठी वाचकाला परके नाही आणि हा उल्लेख वाचून कोणालाही समाधान वाटेल. परंतु तो नियम नव्हता, अपवाद होता. पुढच्याच वर्षी, मार्च १९६७ मध्ये, त्याच दालनांत दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणारे वादक बसले. त्यांच्या वादनावर उभे असलेले गाणे जगभर गेले, पण वेष्टनावर त्यांची नावे आली नाहीत. ती नावे शोधून जुळवण्यास सुमारे अर्धशतक लागले.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईत येतो. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईला आले आणि फोर्ट भागातील एच. एम. व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा आदी वादकांकडून एका चित्रपटाचे संगीत मुद्रित करून घेतले. मालक एकच, पण लंडनच्या दालनात चार मार्गांचे यंत्र चालू असताना मुंबईच्या दालनात दोन मार्गांचे यंत्रही नव्हते. कंपनीचे हिंदुस्थानातील प्रमुख भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आणवले. साम्राज्य १९४७ साली गेले, परंतु साम्राज्यातील यंत्रांची वाटणी तशीच राहिली होती. याच मुंबई मुक्कामात मुद्रित झालेल्या एका वादनावर पुढे लंडनमध्ये गायन चढवण्यात आले आणि मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या एका छोट्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आले. त्या काळच्या आपल्या कायद्याच्या दृष्टीने अशा वादकाला कोणताही हक्क नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तबकडीचा हक्क तबकडी काढणाऱ्याला दिला होता. वादक आणि गायक त्या दिवशीच्या बिदागीचे धनी, एवढेच.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर ही रीतच होती. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी स्वरलेखन करून एकेका वाद्याचा भाग लिहिला, अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांच्यासारख्या पुढे थोर ठरलेल्या संगीतकारांना शिकवले. पडद्यावर मात्र यांची नावे आलीच तर 'सहायक' म्हणून आली. १९७७ च्या एका लोकप्रिय चित्रपटगीतात गोन्साल्विस यांचे नाव घेतले गेले, तेही विनोदी पात्राच्या तोंडी. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती, हे लाखो श्रोत्यांना ठाऊकच नव्हते. त्याच १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच होय. हा निर्णय बदलण्यास कायदेमंडळाला पस्तीस वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क प्रथम मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि सादरकर्ते यांना व्यापारी उपयोगातील वाटा मिळाला. गीतकार आणि संगीतकार यांच्याकडून हा वाटा करारात लिहून घेण्यासही मालकाला मनाई झाली. २०१३ साली गायकांची संस्था नोंदली गेली. अर्थात हा लढा प्रामुख्याने चित्रपटसृष्टीतील नामवंतांनी लढला आणि त्याचे फळही प्रथम त्यांच्याच पदरात पडले.

आता पुन्हा ॲबे रोडकडे वळावे. २००७ साली ई. एम. आय. ही कंपनी एका गुंतवणूकदार संस्थेने कर्ज काढून विकत घेतली. कर्जाचा बोजा असह्य झाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ही वास्तू विकली जाणार अशी वार्ता पसरली. लोकांत खळबळ उडाली आणि त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने या वास्तूला संरक्षित वारशाचा दर्जा दिला. वर्षअखेर तिच्यासमोरचा रस्ता ओलांडण्याचा पांढरा पट्टाही संरक्षित ठरला. त्यानंतर कंपनी प्रथम धनको बँकेच्या आणि २०१२ साली युनिव्हर्सल या दुसऱ्या मक्तेदार कंपनीच्या हाती गेली. वास्तू वाचली याचा आनंदच आहे. परंतु विटांना आणि पट्ट्यांना मिळालेले संरक्षण त्या विटांआड वाजवणाऱ्या माणसाला मिळाले काय?

थोडे मिळाले, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. युरोपात २०११ साली ठरलेल्या आणि ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झालेल्या नियमानुसार ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे झाली. कंपन्यांना वीस वर्षे अधिक नफा मिळाला. पण त्यासोबत एक अट आली. या वाढीव काळातील उत्पन्नाचे वीस टक्के, एकदाच बिदागी घेऊन हक्क सोडून दिलेल्या वादकांसाठी बाजूला काढले पाहिजेत. तत्त्व म्हणून ही मोठीच गोष्ट आहे. तथापि हा वाटा कोणापर्यंत पोचणार? ज्याचे नाव कोठेतरी लिहिलेले आहे, त्याच्यापर्यंत. नाव नसलेल्या वादकाला पंचमांश काय आणि शतांश काय, सारखेच. तात्पर्य, नावाची नोंद हा मानापुरता प्रश्न नसून तो हक्काचा पाया आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने हे सूत्र निर्णायक आहे. एच. एम. व्ही.ची मक्तेदारी १९८० च्या दशकात कॅसेटने मोडली. लहान कंपन्यांनी प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज खेडोपाडी नेला आणि शाहिरी व भीमगीते घराघरांत पोचली. तंत्र स्वस्त झाले म्हणजे लोकशाही आली, असे तेव्हा अनेकांना वाटले. वस्तुतः यंत्र अनेकांच्या हाती आले, पण करार आणि हिशेब थोड्यांच्याच हाती राहिले. मोबाईलच्या युगात हीच गोष्ट शतपटीने घडते आहे.

याउलट एक वेगळा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून अनेक सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत परभणी आणि बीड जिल्ह्यांतील स्त्रियाही आहेत. माजलगावच्या स्त्रियांनी गायलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या हे त्यातील मोलाचे धन आहे. २०१७ पासून हा संग्रह ग्रामीण पत्रकारितेच्या एका सार्वजनिक संग्रहात सर्वांसाठी खुला होऊ लागला. त्याचे वैशिष्ट्य असे की, ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव येते. जगातील सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रणगृहाला १९६७ साली जे सुचले नाही, ते येथे निरक्षर मजूर स्त्रीच्या बाबतीत निष्ठेने केले गेले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल की, लोकगीत हे सर्वांचे, त्यावर मालकी सांगणे हाच भांडवली विचार. आक्षेप अर्धा खरा आहे. ओवी कोणा एकीची नाही, हे खरेच. पण ती मुद्रित झाली की त्या मुद्रणाला मालक मिळतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मालक म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. म्हणजे जे सर्वांचे होते ते एकाचे होते, आणि तो एक म्हणजे गाणारी नव्हे. सामूहिक धनाला संरक्षण देणे कायद्याला अशक्य आहे, असेही नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे नाव त्या मातीत पिकवणाऱ्यांशी बांधले जाते, मग त्याच मातीतल्या ओवीचे नाव गाणारीशी का बांधले जाऊ नये?

कायदा बदलण्यास वेळ लागेल, पण एक काम आजच करता येण्यासारखे आहे. मेळाव्यात, जयंतीला, सप्ताहात कार्यकर्ते हातातल्या फोनवर गाणी मुद्रित करतात आणि हौसेने सर्वदूर पाठवतात. फोन हातात धरणाऱ्या त्या कार्यकर्त्यालाच कायदा निर्माता समजण्याचा संभव आहे, म्हणजे लंडनच्या कंपनीच्या जागी तोच उभा असतो. तेव्हा त्याने तीन गोष्टी पाळाव्यात. गाणारीची संमती घ्यावी. तिचे नाव, गाव आणि तारीख मुद्रणाच्या आरंभीच तिच्याच तोंडून वदवून घ्यावी. आणि व्यापारी उपयोग झाल्यास तिचा वाटा राहील, असे कागदावर लिहून त्याची एक प्रत तिच्या घरी द्यावी. मुद्रणाची प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी आणि नांदेडच्या विद्यापीठाने व परभणीच्या आकाशवाणीने अशा संग्रहाचे पालकत्व घ्यावे, अशी मागणी संघटितपणे करावी.

या कामाला मोठे ध्वनिमुद्रणगृह लागत नाही. जवळा बाजारच्या एखाद्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीला, 'आजी, आधी तुमचं नाव सांगा,' एवढे म्हणावे लागते. लंडनमध्ये जे पन्नास वर्षे राहून गेले, ते येथे अर्ध्या मिनिटात होते.