‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कोणत्या ग्रंथालयात मिळेल?

जुन्या घरगुती संगणकाचा विषय निघाला की बोलणे हमखास खेळांवर येते. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा सी प्रॉम्प्ट, फ्लॉपी आत ढकलल्यावर होणारी घरघर, आणि मग ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. पायाखाली निखळणाऱ्या फरश्या, जमिनीतून उसळणारे सुळे, कात्रीसारखी मिटणारी पाती आणि राजकन्येला सोडवायला मिळालेली अवघी ६० मिनिटे. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी, शेजारी किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये संगणक होता, त्यांना हे सांगावे लागत नाही. या आठवणींवर लिहिले-बोलले जाते भरपूर. त्यामुळे खेळही जपले जात आहेत असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. आठवण माणसासोबत जाते. खेळ टिकला असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा आज जन्मलेले मूल पन्नास वर्षांनी तो स्वतः खेळू शकेल. हे काम ग्रंथालयांचे आणि संग्रहालयांचे आहे, आणि आपला कायदा त्यांना ते धड करू देत नाही.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चेच पाहा. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने तो ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती संगणकासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. राजपुत्र इतका माणसासारखा धावतो, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावून त्याचा व्हिडिओ घेतला आणि एकेक चौकट पाहून आकृती रेखाटल्या. संगीत वडिलांनी रचले. संगणकाची मेमरी इतकी तुटपुंजी होती की राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली, नव्या शत्रूला जागा उरली नाही. तेव्हा राजपुत्राच्याच आकृत्या एका साध्या गणिती क्रियेने पालटून त्यातून त्याची सावली उभी केली गेली. आरशातून बाहेर पडून त्याला आडवी येणारी ती सावली खेळातले सर्वांत लक्षात राहिलेले पात्र ठरली. अडचणीतून कल्पना कशी निघते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. आणि हा मूळ प्रोग्रॅम, ज्यात ही सारी कारागिरी ओळीओळीने लिहिलेली आहे, खुद्द लेखकालाही कित्येक वर्षे सापडत नव्हता. २०१२ मध्ये वडिलांच्या घरी एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या निघाल्या. त्या वाचता येणारी जुनी यंत्रे आणि ती चालवू शकणारी जाणकार माणसे गोळा झाली, तेव्हा कुठे तो मजकूर हाती लागला आणि सर्वांसाठी खुला झाला. फ्लॉपीवरचे चुंबकीय थर दरवर्षी थोडे थोडे विरत असतात. ते खोके आणखी काही वर्षे तसेच राहिले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

जगभर गाजलेल्या खेळाची ही गत, तर बाकीच्यांचे काय? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत असे तीत दिसले. ‘कमोडोर ६४’ या एके काळी घरोघरी पोहोचलेल्या संगणकाच्या खेळांपैकी तर पाच टक्केही मिळत नाहीत. मराठी वाचकाला हा धोका समजायला दूर जावे लागणार नाही. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये मुंबईत मॅजेस्टिक सिनेमागृहात लागला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये. मधल्या ३३ वर्षांत कोणालाही तो जपावासा वाटला नाही, आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. सिनेमा तेव्हा करमणुकीचा माल होता, चालून झाला की संपला. खेळांकडे आज आपण तसेच पाहतो, आणि घरगुती संगणकांवरचे पहिले खेळ आता चाळीस वर्षांच्या पुढे गेले आहेत.

मग आज जे काही वाचले आहे, ते कोणी वाचवले? याचे खरे उत्तर अवघड आहे. बरेचसे चाच्यांनी. ‘प्रिन्स’मध्ये पहिली पातळी संपली की एक खोली येई, तिथे अक्षरे लावलेल्या कुप्या मांडलेल्या असत. योग्य कुपी कोणती, हे खेळासोबत आलेल्या पुस्तिकेत पाहूनच कळे. पुस्तिका हरवली की विकत घेतलेला खेळही तिथेच अडे. ज्यांनी ही अटकाव करणारी खोली मोडून काढली, त्यांच्या प्रती हातोहात पसरल्या. आपल्याकडे पोहोचलेल्या बहुतेक फ्लॉप्या याच वाटेने आल्या, हे मान्य केले पाहिजे. पुढे छंदिष्टांनी ‘डॉसबॉक्स’सारखे प्रोग्रॅम लिहून जुना संगणक नव्या संगणकात हुबेहूब उभा केला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण छंदिष्ट थकतो, आणि हक्कदाराची नोटीस आली की एका दिवसात सारे काढून टाकतो. समाजाचा ठेवा त्याच्या भरवशावर सोडणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे, म्हणजे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्यावर हक्क राहतो. एवढा काळ कोणतीही फ्लॉपी तग धरणार नाही. ज्याच्याकडे रीतसर घेतलेली प्रत आहे त्याला स्वतःच्या वापरापुरती जादा प्रत करता येते, पण ती तात्पुरता बचाव म्हणून. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत साठवण्याची मुभा दिली. मात्र ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत आधीपासून असली पाहिजे. ही अट छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून घातली आहे. खेळाची डिजिटल नसलेली प्रत असतच नाही! तो जन्मालाच डिजिटल येतो. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि त्यात सॉफ्टवेअरचा समावेश नाही. फ्रान्सने १९९२ मध्येच कायदा रुंदावून सॉफ्टवेअर आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करायला लावले. तेव्हा हे अशक्य म्हणून टाळण्यासारखे काम नाही.

हक्कदारांचा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. ग्रंथालयाने खेळ दिला तर लोक तो अभ्यासासाठी नव्हे, मजेसाठी घेतील आणि जुने खेळ पुन्हा विकण्याची संधी बुडेल, असे ते म्हणतात. बाजारात नसलेले खेळ संशोधकांना दुरून वापरू द्यावेत ही ग्रंथालयांची मागणी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली, तिच्या विरोधात उद्योगाने हाच युक्तिवाद केला होता. पण कादंबरीही लोक मजेसाठीच वाचायला नेतात, म्हणून कोणी ग्रंथालयाला कुलूप लावत नाही. शिवाय जो खेळ विकायलाच ठेवलेला नाही, त्याची कोणती विक्री बुडणार? ज्यांना पुन्हा विकायचा आहे त्यांनी जरूर विकावा, तेवढ्या काळापुरती ग्रंथालयाने वाचकाला प्रत देऊ नये. मात्र प्रत करून ठेवण्याचा हक्क ग्रंथालयाला पहिल्या दिवसापासून हवा, कारण मालक जागा होईपर्यंत फ्लॉपी थांबत नाही.

दुसरा आक्षेप असा की इंटरनेटवर या खेळांचे व्हिडिओ आहेत, ते पुरेत. ते पुरत नाहीत. भारुडाचे ध्वनिमुद्रण ऐकून भारूड कळते, कारण ते ऐकण्या-पाहण्यासाठीच असते. खेळ मात्र हातांत असतो. फरशी निखळायच्या आत उडी मारायची, हा निर्णय स्वतः घेतल्याशिवाय मेकनरने वेळेचा हिशेब किती बारकाईने बसवला हे कळत नाही.

आणि ज्यांना हा सारा पोरखेळ वाटतो, त्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या मराठी फायली उघडून पाहाव्यात. श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत तेव्हा पुस्तके, अंक, अहवाल जुळवले गेले. युनिकोडपूर्व संकेतांतला तो मजकूर मूळ फॉन्टशिवाय आज नव्या संगणकावर उघडला तर नुसती चिन्हांची गर्दी दिसते. जुनी फ्लॉपी वाचणारे यंत्र, जुना प्रोग्रॅम चालवणारा नवा प्रोग्रॅम आणि हे जमणारा माणूस, या तीनही गोष्टी तो मजकूर सोडवायला लागतात, आणि खेळ वाचवायलाही नेमक्या त्याच लागतात. पुण्यात सिनेमासाठी एक संग्रहालय उभे राहू शकले. त्याच शहरात सी-डॅक आहे, भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले आहे. मग खेळांसाठीही तिथे संग्रहालय उभे राहू शकते. कलम ५२ मधली ‘डिजिटल नसलेली’ ही अट काढून टाकायला संसदेत फार वेळ लागणार नाही. त्याआधीच माळ्यावरच्या खोक्यांतल्या फ्लॉप्या गोळा करायला सुरुवात झाली पाहिजे.