सही तिची, निर्णय कोणाचा?

फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या घरपोच आहाराची सुमारे 6,300 कोटी रुपयांची कंत्राटे रद्द केली. अंगणवाडीतली बालके, गरोदर आणि स्तनदा माता यांच्या तोंडचा हा घास. तो पुरवण्याचे काम ठेकेदारांकडे नको, महिला मंडळे आणि बचत गटांकडे द्यावे, असे याच न्यायालयाने 2004 मध्ये बजावले होते. तरीही निविदेच्या अटी अशा घातल्या गेल्या, की बचत गट दारातच अडावेत आणि मोठ्या उत्पादकांना वाट मोकळी व्हावी. त्याआधी, 2012 मध्ये, न्यायालयाच्याच आयुक्तांच्या अहवालाने आणखी गंभीर गोष्ट पुढे आणली होती. महिला मंडळांच्या नावावर घेतलेले काम प्रत्यक्षात खासगी उत्पादक चालवत होते.

नाव महिलांचे, नफा दुसऱ्याचा. हा प्रकार आहाराच्या कंत्राटांबरोबर संपला असे मानता येणार नाही. आज केंद्र सरकारच्या खरेदीतही महिला उद्योजकांचा वाटा ठरलेला आहे, आणि तो मिळवण्याची पात्रता मुख्यतः कागदावर ठरते.

2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी ठरावीक खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. सुरुवातीला हा वाटा 20 टक्के होता. नोव्हेंबर 2018 च्या दुरुस्तीने तो 25 टक्के झाला आणि त्यात महिलांच्या उद्योगांसाठी पहिल्यांदाच 3 टक्के राखले गेले. सवलतीही खऱ्या उपयोगाच्या आहेत. निविदा अर्जाचे शुल्क माफ, बयाणा रक्कम माफ. सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा आला आणि लघु उद्योगाचा दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असला, तर त्या कमी दराला तयार होऊन लघु उद्योगाला किमान चतुर्थांश माल पुरवता येतो. बांधकामाची कंत्राटे मात्र या धोरणात येत नाहीत, आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांनाही हा लाभ नाही.

महिलेचा उद्योग कोणता, याची व्याख्या सोपी आहे. एकल मालकीत मालक स्त्री हवी. भागीदारीत किंवा खासगी कंपनीत किमान 51 टक्के हिस्सा स्त्रियांचा हवा. जुलै 2020 पासून उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे, स्वतःच माहिती भरून नोंदणी होते. कागद जोडायचे नाहीत, फी नाही. ज्या बाईने दहा टेबलांवर हेलपाटे घातले आहेत, तिला या सोपेपणाची किंमत सांगायला नको. तो राहिलाच पाहिजे.

पण 51 टक्के हा आकडा मालकी सांगतो, कारभार सांगत नाही. दर कोण भरतो, कच्चा माल कोण ठरवतो, चेकवर सही करण्याआधी विचार कोण करतो, हे त्यातून कळत नाही. उद्यमवर नोंदलेल्या उद्योगांपैकी सुमारे पाचवा हिस्सा महिलांच्या मालकीचा आहे. एकूण उलाढालीत मात्र त्यांचा वाटा जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. त्यांचे उद्योग मुळातच लहान आहेत. अशा वेळी राखीव वाट्यातले एक कंत्राट जरी नावापुरत्या मालकिणीच्या आडून कोणी नेले, तरी ते अशाच एखाद्या लहान उद्योगाच्या हातून जाते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पंचायतींत महिलांना आरक्षण मिळाले आणि पाठोपाठ ‘सरपंचपती’ खुर्चीशेजारी येऊन बसला. त्यावर आरक्षण काढून घेणे हा उपाय नव्हता. बाई स्वतः बोलेल, सही करेल आणि जाब देईल अशी व्यवस्था करणे हा होता. अनेक गावांत ती झाली, तिथे बायकांनी कारभार करून दाखवला.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे सरकारी कंत्राटांपैकी 5 टक्के महिलांच्या लहान उद्योगांना देण्याचे उद्दिष्ट 1994 मध्ये ठरले आणि ते पहिल्यांदा गाठले गेले 2015 मध्ये. मधल्या काळात उद्योगांना स्वतःच स्वतःला पात्र घोषित करता येत होते. 2018 मध्ये तिथल्या लघुउद्योग प्रशासनाच्या महानिरीक्षकांनी थेट दिलेली 56 कंत्राटे तपासली, तेव्हा 50 मध्ये पात्रतेची आवश्यक कागदपत्रे पूर्ण नव्हती. अखेर ऑक्टोबर 2020 पासून राखीव कंत्राटांसाठी स्वयंघोषणा बंद झाली. तिथे नुसता 51 टक्के हिस्सा पुरत नाही; कंपनीतले सर्वोच्च पद स्त्रीकडे हवे, रोजच्या कारभारात आणि दूरच्या निर्णयांत तिचाच शब्द अखेरचा हवा, आणि आता हे सारे प्रमाणित करून घ्यावे लागते.

ही पद्धत जशीच्या तशी उचलली, तर भारतात अर्ध्या बायका उंबरठ्यावरच थांबतील आणि एजंटांचे फावेल. म्हणून तपासणी प्रवेशाच्या वेळी नको, कंत्राट मिळाल्यावर हवी. नोंदणी आजच्याइतकीच सोपी ठेवावी. राखीव वाट्यातून मोठे काम मिळालेल्या उद्योगांपैकी काहींना खरेदी करणाऱ्या खात्याने अचानक भेट द्यावी, बँक खात्यावर सहीचा अधिकार कोणाचा ते पाहावे, मालकिणीशी तिच्या मालाबद्दल बोलावे. आड लपलेला चालक सापडला, तर काळ्या यादीत त्याचे नाव जावे. जिच्या नावाचा वापर झाला तिला एकटीला शिक्षा होऊ नये.

आणि खात्यांनी स्वतःचे घरही तपासावे. बिल महिनोन्महिने अडकले की भांडवल नसलेली बाई नाइलाजाने पैसेवाल्या भागीदाराकडे जाते, आणि पैशाबरोबर निर्णयही त्याच्या हाती जातो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यातच आहे. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हे कलम जितके काटेकोर पाळले जाईल, तितकी नावापुरती मालकी कमी होईल.

नोंदणी करू पाहणाऱ्या महिलांनी काही गोष्टी मात्र आजच कराव्यात. आधारला जोडलेला मोबाइल स्वतःचा असावा, म्हणजे ओटीपी आपल्याच हाती येईल. बँक खाते आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलचा पासवर्डही स्वतःकडेच असावा. उद्यम नोंदणीसाठी कोणी सरकारी शुल्क म्हणून पैसे मागितले, तर देऊ नयेत. आणि बिल 45 दिवसांपलीकडे रखडले, तर राज्याच्या सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे तक्रार करावी.