पासपोर्ट दिला, वर शेरा कशाला?



कोरडवाहू कपाशी-ज्वारीवर भागत नाही म्हणून पोरगा आखातात कामाला जायचे म्हणतो. पासपोर्ट निघतो, पण दहावी झालेली नसेल तर त्यावर 'तपासणी आवश्यक' असा शेरा बसतो. मग सौदी, कुवेत धरून १८ देशांत नोकरीला जायचे तर सरकारची वेगळी परवानगी! १९८३ च्या कायद्याची ही किमया.

दहावी पास सुटला, आयकर भरणारा सुटला. अडकला कोण? शाळा सोडून वखरामागे गेलेला आमचा पोरगा. शेतीला आयकर नाही, हे उपकार म्हणून आम्हाला ऐकवतात. इथे तेच आडवे येते.

सरकार म्हणते, हे गरिबाच्या रक्षणासाठी. फसवतो दलाल, आणि शेरा पोराच्या पासपोर्टवर! एकाधिकार खरेदीत आमच्या कापसाला राज्याची सीमा ओलांडू दिली नाही, तेही म्हणे आमच्याच भल्यासाठी होते.

परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगितले. ते स्वातंत्र्य दहावीच्या गुणपत्रिकेवर तोलू नका. दलालाला धरा, शेरा काढा!

तोवर गावोगाव एवढे करा. शाळेचा दाखला आणि आधार यांतले नाव, जन्मतारीख आधी जुळवून घ्या. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. पोलीस तपासणीला वेगळा पैसा लागत नाही. चहापाणी मागेल त्याच्याकडे पावती मागा!