प्राण्याला माणसाचा शब्द देताना

शाळेच्या मराठी व्याकरणात ‘चेतनगुणोक्ती’ नावाचा एक अलंकार शिकवतात. नदी रुसली, वारा गाऊ लागला, झाड हसले असे लिहिले की मुलांना गुण मिळतात. लेखक हीच युक्ती प्राण्यांवर वापरतो, तेव्हा मात्र गोष्ट परीक्षेपुरती राहत नाही. माणसाचा एखादा शब्द मिळाला की प्राणी आपल्या मनात मोठा होतो. तो राजा होतो, पहारेकरी होतो, कधी वैरीही होतो. गोंदियासारख्या जिल्ह्यात अनेक गावांची शेते संपली की जंगल सुरू होते. तिथे लोकांच्या मनातला वाघ कसा आहे, यावर रानातल्या वाघाचे आणि माणसाचेही बरेच काही अवलंबून असते.

ही युक्ती फार जुनी आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे पहलवी भाषेच्या वाटेने अरबीत गेले आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांच्या लेखणीतून ‘कलीला व दिमना’ झाले. राजाला तोंडावर सांगता येत नाही ते सिंहाच्या दरबारातल्या कोल्ह्याने सांगावे, अशी ती सोय होती. दहाव्या शतकात बसऱ्याच्या ‘इख्वान अस-सफा’ या विद्वानांच्या मंडळाने वेगळीच कथा रचली. तिच्यात जनावरे जिन्नांच्या राजाकडे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन येतात. माणसाला आमचा मालक कोणी केले, असा त्यांचा सवाल आहे. पहिल्या ग्रंथात प्राणी म्हणजे माणसाचा मुखवटा आहे. दुसऱ्यात प्राणी स्वतःसाठी बोलतो. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे बरेच सोपे होते.

मराठीत या दुसऱ्या वाटेचा उत्तम नमुना नागझिऱ्याशी जोडलेला आहे. हे जंगल आज गोंदिया जिल्ह्यात येते. १ मे १९९९ पूर्वी हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. व्यंकटेश माडगूळकर तिथे जाऊन राहिले. त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले आणि १९८२ मध्ये वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी दिली. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘सत्तांतर’ हा शब्द वर्तमानपत्रातला, विधानसभेतला. तो वानरांच्या डोक्यावर ठेवला की झाडावरच्या टोळीचे राज्य होते आणि दोन नरांच्या भांडणाची लढाई होते. पण माडगूळकरांनी शब्द माणसाचा घेतला तरी वागणे वानराचेच राहू दिले. नवा नर टोळी जिंकतो तेव्हा तो आधीच्या नराची, आईच्या अंगावर पिणारी पिल्ले मारतो. असे प्रकार जपानी संशोधक सुगियामा यांनी धारवाडकडे आणि अमेरिकेच्या सारा हर्डी यांनी माउंट अबूला नोंदवले होते. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. कादंबरीत ही निर्दयता झाकलेली नाही. लेखक त्या नराला राक्षस ठरवत नाही आणि त्याची वकिलीही करत नाही. त्यामुळे वाचताना वानराचा दरारा वाटतो, पण द्वेष वाटत नाही.

याच जिल्ह्यात नवेगावबांधला राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी तर एकेका शब्दात हे काम केले. बगळे जिथे वस्तीने घरटी करतात त्या जागेला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले आणि कावळ्यांच्या वस्तीला ‘काकागार’. आगार म्हणजे घर. झाडावर कोणाचे तरी घर आहे, असे एकदा कळले की कुऱ्हाड उचलणारा हात जरा थांबतो.

आता सारसाकडे पाहू. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठच्या धानशेतांत. जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा पक्षी वर्षानुवर्षे जोडीने राहतो. बादशहा जहांगीरने आपल्याकडच्या सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. नावे प्रेमकथेतली असली तरी आपल्या आत्मचरित्रात त्याने नोंद केली ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींची. जोडी कशी जमली, अंडी कधी घातली, रात्री मादी अंड्यांवर बसली असता नर जवळ उभा राहून पहारा कसा देई, हे सारे त्याने लिहून ठेवले.

आज सारसाला ‘प्रेमाचे प्रतीक’ म्हणणारे पुष्कळ आहेत. पण तो धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून घरटे करतो आणि सहसा दोनच अंडी घालतो. घरट्यापायी धान मोडते ते शेतकऱ्याचे. छायाचित्र काढून परत जाणाऱ्याचे काहीच जात नाही. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यात तीसच्या आसपासच सारस आढळले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटत्या संख्येची आपणहून दखल घेतली. ज्या शेतकऱ्याने घरट्याभोवतीचा तुकडा न कापता सोडला, त्याने लैला-मजनूची खरी कदर केली, असे आम्ही मानतो.

नावाची ताकद आणि तिची मर्यादा ‘जय’ या वाघाने दाखवली. तो नागझिऱ्यात जन्मला. त्याचे आणि त्याचा भाऊ वीरू याचे नाव ‘शोले’ चित्रपटावरून पडले. २०१३ मध्ये तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला आणि लोकांनी त्याला नायक केले. २०१६ च्या एप्रिलपासून तो दिसेनासा झाला तेव्हा देशभर चौकशी झाली. बिननावाच्या वाघाची अशी चौकशी कोण करतो? पण पुढच्याच वर्षी त्याचा बछडा श्रीनिवास चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे विजेच्या तारेला लागून मेला. नावाने प्रसिद्धी मिळते, तारेतला प्रवाह बंद होत नाही.

आणखी एक बाजू आम्हाला अधिक काळजीची वाटते. हल्ला झाला की बातमीत ‘सूडाने पेटलेला’, ‘खुनी’, ‘रक्ताला चटावलेला’ असे शब्द येतात. हे दोष आपले आहेत. ते वाघाच्या अंगावर चढवले जातात. मोहफुले वेचायला माणसे पहाटे रानात जातात आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जातात. त्यात बायका पुष्कळ असतात आणि काम वाकून करायचे असते. वाकलेला माणूस वाघाला किंवा बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, भक्ष्यासारखा दिसू शकतो. सूड घेणाऱ्या वैऱ्यापुढे गाव एक तर घाबरून बसते किंवा बंदूक मागते. खरे कारण कळले तर घोळक्याने जाणे, मोठ्याने बोलत राहणे, अंधारात मुलांना एकटे बाहेर न सोडणे, हे उपाय सुचतात. चुकीचा शब्द इथे एखाद्या घरातली आई हिरावून घेऊ शकतो.

म्हणून घरात मुलांना प्राण्याची गोष्ट वाचून दाखवताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. हा प्राणी कोणासाठी बोलतो आहे, स्वतःसाठी की आपल्यासाठी? आणि गोष्टीत तो जे करतो, ते रानात करील का? गोष्टीची मजा याने कमी होत नाही. सिंहाच्या दरबारातला कोल्हा मुलांना हसवील, आणि वानर हे वानरच असते हेही त्यांना कळेल.

कुरआन शरीफमध्ये एका सूरहचे नावच ‘अन-नम्ल’ म्हणजे मुंगी आहे. मोमिनासाठी तो प्रसंग अलंकार नाही, ईमानाचा भाग आहे. त्यातून बोलण्याची रीतही शिकता येते. हजरत सुलेमान (अलैहिस्सलाम) यांचे सैन्य येताना पाहून मुंगी बाकीच्या मुंग्यांना आपापल्या घरांत शिरायला सांगते. सैन्य आपल्याला नकळत चिरडून टाकील, एवढीच तिची भीती आहे. समोरच्यावर ती दुष्टपणाचा आरोप करत नाही. तिचे बोलणे ऐकून हजरत सुलेमान हसतात आणि रबचे शुक्र मानतात. वाघाबद्दल, सारसाबद्दल आपल्या मुलांशी बोलताना तेवढा न्याय आपणही पाळावा.