बसलं म्हणजे झालं?

गेल्या शनिवारी दुपारी मी माझ्या सीएनसी मशीनचं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. राउटर थांबला नाही!

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर निम्मे वाचक म्हणतील की हा वायफायचं काय सांगतोय. ट्रिम राउटर म्हणजे सुतार लोक सनमायकाच्या कडा मारायला वापरतात ते हातातलं यंत्र. आणि हॉबी सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं टेबलावरचं मशीन. ह्या मशीनला खरं तर स्पिंडल लागतो. पण चांगला स्पिंडल आणि त्याचा ड्राइव्ह महाग पडतो, म्हणून जगभरातले हौशी लोक त्या जागी ट्रिम राउटर बसवतात. मीही बसवला. कल्पना उत्तमच आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. माझं भांडण आहे "बसलं की!" ह्या दोन शब्दांशी.

तर झालं असं. माझ्या मशीनचा क्लॅम्प ८० मिमीचा, कारण २.२ किलोवॅटचे बरेच स्पिंडल त्या व्यासाचे असतात. माझा राउटर ६५ मिमीचा. मध्ये सगळीकडून साडेसात मिमीची फट. आपण सॉफ्टवेअरवाले, म्हणजे 'अ‍ॅडॉप्टर पॅटर्न' रक्तातच! १९९४ च्या त्या प्रसिद्ध डिझाइन पॅटर्न्सच्या पुस्तकापासून आपण हेच शिकलोय की दोन इंटरफेस जुळत नसतील तर मध्ये एक पातळ थर घाला आणि पुढे चला. मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा बुश काढला, घातला, स्क्रू आवळले. बसलं की! मित्रांना फोटो पाठवले, "वा, काय जुगाड आहे" अशी दाद मिळाली, कॉलर ताठ.

चाळीस मिनिटं सागवानाची पाटी मस्त कोरली गेली. मग आवाज बदलला. राउटर बुशमधून खाली सरकत होता. कारण अगदी साधं आहे. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि राउटरचं अंग तापतंच. शिवाय सतत दाबाखाली ठेवलेलं प्लास्टिक हळूहळू बसत जातं, म्हणजे सकाळी आवळलेली पकड दुपारपर्यंत तेवढी राहत नाही. त्यात माझं बिट भुसा वर काढणाऱ्या पिळाचं. असं बिट लाकडात स्वतःला खाली ओढतं. मी लाल बटणावर हात मारला. अक्ष जागच्या जागी गोठले. राउटरची वायर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, त्या बटणाशी तिचा काडीचा संबंध नाही! तो एकाच जागी फिरत राहिला, धूर निघाला, आणि प्लग टेबलाखाली. माझी नऊ वर्षांची मुलगी दोन फुटांवर उभी राहून हे बघत होती. डोळ्यांवर चष्मा नाही, काही नाही. मी टेबलाखाली शिरून प्लग ओढला. ते चार-पाच सेकंद अजून आठवतात.

आता तुम्ही म्हणाल, "अरे हॉबी आहे, रॉकेट नाही. प्रिंट केलेले बुश जगात हजारो लोक वापरतात." मान्य! पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं, एबीएस त्याहून जास्त. कापही हलके घेतले तर चालतात तसे बुश. पण मी काय वापरलंय आणि ते कुठे तुटेल, हे मी तपासलंच नव्हतं. गंमत बघा, ऑफिसात दोन ओळींचा बदल करायचा तरी आपण रिव्ह्यू मागतो, आधी स्टेजिंगवर टाकतो, रोलबॅकचा प्लॅन लिहितो. शनिवारी बाल्कनीत २३० व्होल्टचं फिरतं पातं लावताना मात्र "बसलं की". बाल्कनीत रोलबॅक नसतो, मंडळी.

मग मी भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. म्हटलं, काका, मला बुश हवाय, आत ६५, बाहेर ८०, सेंटर परफेक्ट पाहिजे. काका हसले. म्हणाले, "साहेब, सेंटर इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. वाकडं नको." दहा वर्षं कोड लिहून मला हे सुचलं नव्हतं! राउटर क्लॅम्पमध्ये पाव मिमी बाजूला बसला तर शून्य बिंदू घेताना ती चूक आपोआप निघून जाते. पण तो एक अंश कलला, तर ६ मिमीच्या बिटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ०.१ मिमीचा फरक पडतो, आणि सपाट केलेल्या लाकडावर पायऱ्या उमटतात. त्या कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. म्हणून काकांनी अ‍ॅल्युमिनियमचा बुश आतून-बाहेरून एकाच सेटिंगमध्ये काढला, चीर शेवटी मारली. आणि त्याआधी माझ्या राउटरचं अंग व्हर्नियरने वर, मध्ये, खाली असं तीन जागी मोजलं. मी एकाच जागी मोजलं होतं. (लाजायचं किती?) ती चीर क्लॅम्पच्या फटीसमोरच ठेवायची आणि हवेची भोकं झाकायची नाहीत, हेही बजावलं.

दुसरं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. आता राउटरची लाइन कॉन्टॅक्टरमधून जाते. लाल बटण दाबलं की मशीन आणि राउटर दोघांचीही वीज जाते. आणि लाइट जाऊन परत आले तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय राउटर सुरू होत नाही. राउटरचा स्वतःचा स्विच 'चालू'वरच राहिलेला असतो, विसरू नका. आपल्याकडे लाइट कसे जातात ते मी सांगायला नको.

तिसरं फुकटचं. राउटरचा वेग १० हजारांवर आणला. दोन धारांच्या बिटला मिनिटाला १००० मिमी वेगाने पुढे ढकललं तर १० हजार फेऱ्यांना प्रत्येक धार ०.०५ मिमी लाकूड कापते. ३० हजारांना जेमतेम ०.०१७, म्हणजे कापणं कमी आणि घासणं, जाळणं जास्त.

जुगाडाचं आपल्याला फार कौतुक आहे. अडलेल्या शेतकऱ्याने पर्याय नाही म्हणून केलेला जुगाड मी समजू शकतो. पण तीस हजारांचं मशीन घेऊन बसलेल्या आपण तो शब्द वापरतो तेव्हा तो बहुतेक वेळा आळसाचं टोपणनाव असतो. अडॅप्टर म्हणजे नुसती फट भरणं नाही. पकड, सरळपणा आणि थांबवायची सोय, हे तिन्ही पलीकडे पोचलं तर ते जुळलं. नाहीतर नुसतं बसलं.

पुढच्या वेळी तुमच्या तोंडून "बसलं की" निघालं, तर स्वतःला एवढंच विचारा: सुटलं तर काय होईल, आणि तेव्हा शेजारी कोण उभं असेल?

असो. पाटी अर्धवट जळली. मुलीने ती तशीच तिच्या खोलीच्या दारावर लावलीय. आणि हो, आता ती चष्मा घातल्याशिवाय मला मशीन सुरू करू देत नाही.