मीटरला न ऐकू येणारा आवाज

आवाजाच्या बाबतीत आपण एक अजब गोष्ट करून ठेवली आहे. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली, ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्यासाठी. त्याआधी दोन वर्षे तो भारतातच संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून राहून गेला होता. गोंगाट पुसण्याचे तंत्र ज्याने जगाला दिले, त्याचे नाव सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गोंगाटाच्या भिंतीलाच चिकटले! मिरवणुकीत ‘डॉल्बी लावला’ म्हटले, की पुढचे काही सांगावे लागत नाही.

आता ही भिंत लहान होऊन मोटारीच्या डिकीत जाऊन बसली आहे. रात्री अकराला एखादी गाडी गल्लीतून जाते. गाणे कोणते ते कळत नाही, शब्द तर नाहीतच. कळतो तो फक्त ठोका. तावदाने खडखडतात, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि नुकतेच झोपवलेले मूल दचकून उठते. गाडी वळणापलीकडे गेली तरी ठोका काही वेळ मागे राहतो.

इतर आवाजांपेक्षा हा वेगळा का, हे आधी समजून घेतले पाहिजे. हॉर्नचा आवाज खिडकी लावली की बराच अडतो. सबवूफरमधून निघणारा, सेकंदाला चाळीसेक कंपनांचा खर्ज अडत नाही. त्याची एकेक लाट साधारण साडेआठ मीटर लांबीची असते. आपल्या घरांच्या खिडक्या-दारे तिला फारशी दाद लागू देत नाहीत असे नाही. उलट तीच तिच्याबरोबर थरथरू लागतात. म्हणूनच लोक ‘कान दुखतात’ असे न म्हणता ‘छातीत धडधडते’ म्हणतात. ही अतिशयोक्ती नव्हे, नेमके वर्णन आहे.

आणि नेमके इथेच आपला कायदा बहिरा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हेही त्याच नियमांत आले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. हे सारे योग्यच झाले. पण हे डेसिबल मोजायचे ते ‘ए’ नावाच्या पट्टीने. मंद आवाज ऐकताना माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, या निरीक्षणावर ती पट्टी बेतलेली आहे. त्यामुळे सेकंदाला पन्नास कंपनांच्या ध्वनीतून ती तब्बल ३० डेसिबल वजा करते. म्हणजे प्रत्यक्षात १०० डेसिबलचा खर्ज मीटरवर ७० दिसतो. खर्ज मंद असेल तर ही सूट रास्त आहे. पण आवाज मोठा झाला की कान खर्जालाही जवळपास सारखाच जागा होतो. वजावट मात्र तेवढीच राहते.

आयुष्यभर बँकेत आकडे तपासले, त्यामुळे मला हे एखाद्या ताळेबंदासारखे दिसते. मोठे कर्ज ज्या रकान्यात आहे तोच रकाना बेरजेतून वगळायचा आणि मग संस्था सुस्थितीत असल्याचा दाखला द्यायचा. तक्रार करणाऱ्या माणसाला ‘मीटरवर तर एवढेच दिसते’ असे उत्तर मिळते, तेव्हा मीटर खोटे बोलत नसतो. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

दुसरा हिशेब पैशाचा. मंडप आणि साउंडवाल्यांची बरीच कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. शेजारच्या मंडळापेक्षा आपला आवाज दुप्पट वाटावा, ही मागणी ऐकायला साधी वाटते. पण कानाला दुप्पट वाटायचे तर सुमारे दहा डेसिबल वाढवावे लागतात आणि त्यासाठी लागते दहापट शक्ती. हजार वॅटचे दहा हजार वॅट होतात. त्यासाठी नवी सामग्री, नवा जनरेटर, नवे कर्ज आणि ते फेडायला पुढच्या हंगामात आणखी मोठी सुपारी. सावकारी व्याजालाही लाजवील अशी ही चढण आहे. अशाच एका व्यावसायिकाला हप्त्याची तारीख मला नेहमी दोनदा सांगावी लागे. त्याचे वय तेव्हा पस्तीसही नव्हते.

कानाचा हप्ता असाच चुकवावा लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. भिंतीसमोर तास न् तास नाचणाऱ्या मुलांना हे कोण सांगणार? ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली मोठ्या संगीताच्या सान्निध्यात फुप्फुसातली हवा बाहेर फुटून ते मिटलेल्या काही रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या एकाला हा त्रास झाला तो हजार वॅटचा बेस बसवलेल्या स्वतःच्या मोटारीत. असे क्वचितच घडते, हे मान्य. पण खर्जाखाली वरचे स्वर झाकले जातात, ही रोजची गोष्ट आहे. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा त्या गाडीत कितीसा पोचत असेल?

यावर ठरलेले उत्तर येते : म्हाताऱ्यांना तरुणांचा आनंद बघवत नाही. ढोल-ताशे तरी काय मंजूळ होते? नव्हतेच. पण ढोल वाजवणाऱ्याचे दंड भरून येतात, तो थांबतो, पाणी पितो. त्या आवाजाला माणसाच्या दमाची मर्यादा होती. अँप्लिफायरला दम लागत नाही; आणि त्याचे बटण ज्याच्या हाती, त्याला समोरच्या दवाखान्यातला रुग्ण दिसत नाही.

मग करायचे काय? सरसकट बंदीच्या घोषणा दर वर्षी होतात आणि विसर्जनाच्या रात्री त्यांचेही विसर्जन होते. मला त्याहून साधी गोष्ट सुचवायची आहे. चांगल्या ध्वनिमापकावर ‘ए’च्या शेजारीच ‘सी’ ही दुसरी पट्टी असते. ती खर्ज जवळजवळ वजा करत नाही. पोलिसांनी दोन्ही आकडे टिपावेत. दोहोंत मोठा फरक पडला, की दोषी खर्ज आहे हे तिथल्या तिथे समजते. खर्ज जास्त असेल तर मर्यादा आणखी कमी हव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सुचवले आहे. नियमांत त्यासाठी एक कलम वाढवायला फार मोठ्या क्रांतीची गरज नाही.

तोवर घरोघरची तावदाने खडखडत राहतील. ज्या घराची भिंत हादरते, त्याला आपण पुरावा मागतो. तो पुरावा नोंदवणारा रकाना आपल्या वहीत आधी आखायला हवा.