राखणीचा कुत्रा परघरीं देतांना

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. त्याच्या घरीं तिबेटी मॅस्टिफ जातीचा ३ वर्षांचा कुत्रा होता. इमारतींतील शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, घरचीं माणसें थकलीं, आणि कुत्रा दुसऱ्या कोणास तरी द्यावा असें ठरलें. "सर, ज्यानें आमचें घर राखलें त्यालाच घराबाहेर काढायचें, हा विश्वासघात नव्हे का?" असें तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. अशीं मोठालीं राखणीचीं कुत्रीं हल्लीं शहरांतील अनेक घरांतून दिसतात. म्हणून याविषयीं आमचें मत आम्ही येथें मांडीत आहोंत.

प्रथम हा प्राणी कोण, हें समजून घेतलें पाहिजे. तिबेटच्या पठारावर तंबूंत राहणारे पशुपालक आपल्या याकांच्या व मेंढ्यांच्या रक्षणासाठीं ही जात बाळगीत आले. दिवसां कुत्रा बांधून ठेवावयाचा व रात्रीं मोकळा सोडावयाचा, अशी तेथील रीत. लांडगा अंधारांत येई तेव्हां धनी निजलेला असे. हुकुमाची वाट पाहण्यास सवड नसे. म्हणून आपल्याच बुद्धीनें निर्णय घेणारा, परक्याचा संशय धरणारा व रात्रभर भुंकून आपलें ठाणें जाहीर करणारा कुत्रा त्या लोकांस प्रिय झाला. आपल्याकडे रात्रीं धनगरांच्या तळाजवळून गेलेल्यांस हा स्वभाव सांगावयास नको. पिलूं असतांना तो कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो, व त्या रूपावर भाळून लोक त्यास विकत आणतात. दोन-तीन वर्षांत वजन ५०-६० किलोंच्या घरांत जातें, आणि त्याच सुमारास वाडवडिलांचें काम त्यास आठवूं लागतें. मग लिफ्टमधून उतरणारा शेजारी, दारांत उभा राहिलेला पार्सलवाला, घरच्या मुलाशीं लटकी मारामारी करणारा त्याचा मित्र, हे सारे त्याच्या लेखीं लांडगेच. त्यांतून अंगावर दुहेरी लोंकर, आणि आमच्याकडील एप्रिलचें ऊन! येथें कुत्र्याचा दोष तो काय?

नुसत्या हौसेनें आणलेल्या या जातीची कशी दशा होते, हें चीनमध्यें दिसून आलें. तेथें २०१० च्या आसपास तिबेटी मॅस्टिफ हें श्रीमंतीचें भूषण झालें होतें, व एकेका कुत्र्यासाठीं लाखों युआन मोजले जात. पुढें हौस ओसरली, किंमती कोसळल्या, आणि २०१५ पर्यंत त्या पठारावर टाकून दिलेल्या मॅस्टिफांच्या टोळ्या हिंडूं लागल्या. आपल्या केंद्र सरकारनें १२ मार्च २०२४ रोजीं २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्याविषयीं राज्यांस पत्र लिहिलें; त्यांत मॅस्टिफही होते. कर्नाटक उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं एप्रिलमध्यें तें परिपत्रक रद्द केलें. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. जो कुत्रा घरांत आधींच आलेला आहे त्याचें काय, हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

"शेतावर सोडूं, मोकळा राहील," असें अशा वेळीं पुष्कळ जण म्हणतात. अशीं शेतावरचीं कुत्रीं आम्हीं पाहिलीं आहेत. धनी रविवारीं येतो. बाकीचे सहा दिवस कुत्रा साखळीला, आणि संध्याकाळीं गडी भाताचा गोळा टाकतो. कुत्र्यास सदैव बांधून ठेवून फिरावयास न नेणें, तसेंच सबळ कारणावांचून त्यास टाकून देणें, हीं कृत्यें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानें गुन्हा ठरविलीं आहेत. त्या कलमांत पहिल्या गुन्ह्यास लिहिलेला दंड १० ते ५० रुपये! तेवढ्यांत नवी साखळीही येत नाहीं.

तेव्हां कुत्रा देणें हा विश्वासघात नव्हे. तो कोणासही, कसाही देणें हा मात्र आहे. घेणारा जाणता हवा. जाणता म्हणजे "आम्हांला कुत्र्यांची फार आवड" असें म्हणणारा नव्हे. ज्यानें राखणीच्या जातीचा मोठा कुत्रा पूर्वीं म्हातारपणापर्यंत सांभाळला, ज्याच्या आवाराला उंच भिंत व पक्कें फाटक आहे, ज्याच्या घरीं दिवसभर एखादें मोठें माणूस असतें, तो जाणता. त्याला एवढेंच विचारावें, कीं तुमचा मागचा कुत्रा कसा गेला? हें ज्याला नीट सांगतां येतें त्याच्याशींच पुढचें बोलावें. फुकट कुत्रा म्हटल्यावर पिलांचा धंदा करणारेही दारांत येतात. म्हणून देण्यापूर्वींच त्याची नसबंदी करून घ्यावी.

परंतु या प्रकरणांतील खरी अडचण निराळीच होती. त्या कुत्र्यानें एका पार्सलवाल्याच्या मनगटाचा चावा घेतला होता, टांके पडले होते. ही गोष्ट घेणाऱ्यास सांगावी कीं नाहीं? मुलाचे वडील म्हणाले, "सांगितलें तर कोण नेणार त्याला?" त्यांची काळजी खोटी नव्हती. तरीही आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें, कीं सांगावें, आणि सर्व सांगावें. दारांतला परका माणूस, अरुंद जिना, त्याच्या हातांतलें खोकें, हा तपशील कळला तर घेणारा आपलें फाटक तसें ठेवील, कुत्र्यास मुसक्याची संवय लावील. लपविलें तर पुढचा चावा एखाद्या लहान मुलास बसेल, व मग त्या कुत्र्याला तिसरें घर मिळणें नाहीं. जाणता माणूस असल्या हकिकतीनें पळत नाहीं. तो ती विचारून घेतो. (कारणावांचून वारंवार चावणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी, तेथें आधीं पशुवैद्याचें मत घ्यावें.)

दिल्यावरही जबाबदारी संपत नाहीं. आफ्रिकेंतील नामिबिया देशांत चीता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना कळप राखणारीं तुर्की वंशाचीं कुत्रीं देत आली आहे. ती दिल्यानंतर शेतावर जाऊन पाहते, आणि हेळसांड दिसल्यास कुत्रा परत आणते. न जमल्यास कुत्रा आमच्याकडेच परत यावा, असें आपणही कागदावर लिहून घ्यावें.

मुलाच्या वडिलांनीं अखेर सर्व सांगितलें. दोघे जण तें ऐकून परत गेले. तिसरे पांचगणीकडील एक निवृत्त सुभेदार होते. उत्तराखंडांत नोकरीस असतांना त्यांनीं भोटिया कुत्रा पाळला होता, व तो त्यांच्या पायांशीं म्हातारा होऊन गेला. चाव्याची हकिकत ऐकून त्यांनीं विचारलें, "माणूस येत होता कीं परत जात होता?" चार रविवार ते आले, कुत्र्यास हात न लावतां मोकळ्या मैदानावर त्याच्यासंगें चालले, आणि पांचव्या रविवारीं त्यास त्याच्या जुन्या गोधडीसकट घेऊन गेले. जातांना मुलास म्हणाले, "दोन महिने येऊं नकोस, बाळ." हें त्यास फार लागलें, खरें सांगावयाचें तर आम्हांसही लागलें.

नाताळच्या सुट्टींत तो जाऊन आला. फाटकाआडून कुत्रा त्याच्यावर आधीं जोरानें भुंकला. हांक ऐकल्यावर थांबला, शेपूट हालवीत जवळ आला, त्याचे हात पुष्कळ वेळ हुंगले. आणि मग पुन्हां फाटकाशीं जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला.